मिली तेवढेच, झिंक दुप्पट

डॉक्टर, माझी मुलगी २९ व्या आठवड्यात झाली. जन्माचं वजन १,१५० ग्रॅम. बरेच दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढून ती आता घरी आली आहे. दोन महिन्यांची झाली, वजन २,१०० ग्रॅम. सगळं माझंच दूध घेते, थोडं अंगावर, थोडं काढून चमच्याने. दुधात मिसळायची पावडर घरी सोडताना बंद केली. डिस्चार्जच्या कागदावर लोहाचे थेंब, व्हिटॅमिन डी आणि 'झिंक सिरप २ मिली रोज' असं लिहिलं आहे. पहिली बाटली संपल्यावर दुसऱ्या कंपनीची आणली. चार दिवसांनी मिस्टरांच्या लक्षात आलं की जुन्या बाटलीवर '५ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम' होतं आणि नवीवर '५ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम' आहे. मी मात्र २ मिलीच देत होते. तेव्हापासून झोप उडाली आहे. त्यात एनआयसीयूत आमच्या शेजारच्या पेटीत जे बाळ होतं, त्याच्या आईचा फोन आला. तिच्या बाळाला झिंक दिलेलंच नाही! सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाच्या पोटात किती औषधं घालायची. नणंद म्हणते, झिंकने वाढ होते, जास्त गेलं तर बरंच झालं. मिस्टर म्हणतात, रक्तातलं झिंक तपासून टाकू. मी स्वतः झिंकच्या गोळ्या घेतल्या तर दुधातून तिला मिळणार नाही का? आणि तिला लंगोटाच्या जागी लाली आली आहे, ती झिंक कमी पडल्यामुळे असेल का?
— झोप उडालेली आई

आधी बाटलीचं मिटवू, कारण बाकीचे प्रश्न उद्यावर गेले तरी चालतील.

जुन्या बाटलीत १ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम झिंक होतं, म्हणजे २ मिलीत ४ मिलिग्रॅम. मुलीचं वजन २.१ किलो, तेव्हा किलोमागे जेमतेम २ मिलिग्रॅम पडलं. तुमच्या डॉक्टरांना तेवढंच द्यायचं होतं हे आकड्यावरून सरळ दिसतं. नव्या बाटलीत १ मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम आहे. २ मिली दिल्यावर ८ मिलिग्रॅम गेलं, दुप्पट. चार दिवस असं झालं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. इटलीत दीड किलोच्या आतल्या बाळांवर झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत झिंक गटातल्या बाळांना सगळं मिळून रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास झिंक दिलं होतं, तेही चार दिवस नव्हे, अनेक आठवडे. तुमच्या मुलीला गेलं ते त्याहून कमीच, आणि तिचं वजनही त्या बाळांहून जास्त.

तरीही आज फोन करा. नव्या बाटलीचा हिशेब १ मिलीवर येतो, पण तो आकडा तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका आणि बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वारंवार उलटी होत असेल, दूध घ्यायला नको म्हणत असेल किंवा सुस्त वाटत असेल, तर फोनवर न थांबता दाखवायला न्या. औषध मोजायला बिनसुईची सिरिंज वापरा. चमचा नको, आणि जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीला तर नकोच.

हा घोळ तुमच्या एकटीच्या घरातला नाही. झिंकचं सिरप मुळात जुलाबासाठी घरोघरी पोचलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये सांगितलं होतं की जुलाब झाल्यावर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० आणि त्यावरच्याला २० मिलिग्रॅम झिंक १० ते १४ दिवस द्यावं. तुमच्या दोन बाटल्यांवरचे आकडे याच डोसांशी जुळतात. दोन किलोच्या बाळाला महिनोन्‌महिने थोडं थोडं द्यायचा हिशेब अगदीच निराळा, बाटली मात्र तीच. त्यामुळे कागदावर नुसतं 'मिली' लिहिलेलं मला कधीच पटत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मिलिग्रॅमही लिहून द्यायला सांगा. लेबल वाचताना आणखी एक बघा. काही ठिकाणी झिंक सल्फेटचं वजन मोठ्या अक्षरात असतं आणि त्यातलं प्रत्यक्ष झिंक, म्हणजे 'एलिमेंटल झिंक', खाली बारीक अक्षरात. डोस या दुसऱ्या आकड्यावर ठरतो. झिंक सल्फेटमध्ये झिंक, त्याच्या प्रकारानुसार, साधारण पाव ते एक तृतीयांशच असतं, त्यामुळे चुकीचा आकडा धरला तर फरक थेट तिप्पट-चौपटीचा पडतो.

आता सासूबाईंचा प्रश्न, एवढ्याशा जिवाला औषधं कशाला. त्यांना सांगा की हे आजारावरचं औषध नाही, ही राहिलेली बाकी आहे. बाळाच्या अंगात जे झिंक जमा होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून नाळेवाटे येतं. तुमची मुलगी नेमक्या त्या महिन्यांच्या तोंडावर बाहेर आली. लिव्हरमध्ये जी थोडी शिल्लक पूर्ण दिवसांच्या बाळाकडे असते, ती तिच्याकडे जवळजवळ नव्हतीच. वर पहिल्या काही आठवड्यांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं झिंक नीट शोषत नाही आणि शौचावाटे बरंच घालवतं. खर्च जास्त, जमा कमी. आणि याच काळात वाढीचा वेग बघा: ११५० वरून २१०० ग्रॅम म्हणजे दोन महिन्यांत वजन दुप्पट होत आलं. नवी पेशी तयार होताना झिंक लागतंच. ते शेकडो एन्झाइम्सच्या कामात असतं, त्वचेला आणि आतड्याच्या अस्तराला लागतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना लागतं. चरबीसारखा साठा करून ठेवायची सोय शरीरात नाही, म्हणून रोजचं रोज यावं लागतं.

शेजारच्या बाळाला का नाही, याचं उत्तर दोन्ही बाळांच्या दुधात आहे, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. त्या आईला एवढंच विचारा: तुझं बाळ काय पितं?

आईच्या दुधातलं झिंक पहिल्या दिवसांत भरपूर असतं, लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. मग ते झपाट्याने उतरतं. महिन्याभराने ३ च्या आसपास, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी १ च्या जवळ, सहाव्या महिन्यात आणखी खाली. पूर्ण दिवसांच्या बाळाला हे पुरतं, कारण त्याच्याकडे शिल्लक असते आणि त्याची किलोमागची गरज कमी असते. तुमच्या मुलीचा हिशेब मांडून बघू. दिवसाला किलोमागे १८० मिली दूध धरलं तर ती साधारण ३८० मिली घेते. दोन महिन्यांच्या दुधात लिटरला २ मिलिग्रॅम झिंक धरू. दिवसाचे झाले पाऊण मिलिग्रॅम. युरोपातल्या बालपोषण तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी तोंडावाटे किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम सुचवलं आहे, म्हणजे तिला दिवसाला ४ ते ६ हवेत. नुसत्या दुधातून पाऊण. सिरपमधले ४ मिळवले की गाडी पावणेपाचवर येते, त्या ४ ते ६ च्या आत.

एनआयसीयूत असताना दुधात जी पावडर मिसळत होते, तिच्यात झिंक असतं. म्हणून तिथे वेगळं झिंक दिलं नसेल तर ते योग्यच होतं. पावडर थांबली तेव्हा तो पुरवठाही थांबला आणि त्याच कागदावर सिरप आलं. शेजारचं बाळ बहुधा अजून पावडर घातलेलं दूध किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचं डब्याचं दूध घेत असेल. त्यात झिंक आधीच घातलेलं असतं, मग वरून सिरप दिलं तर दोनदा दिल्यासारखं होईल. तेव्हा ना तुमचे डॉक्टर जास्त देताहेत, ना तिचे विसरलेत. बाळाबाळांची तुलना करायचीच असेल तर आधी पेल्यातल्या दुधाची करा. (मिल्क बँकेतल्या दुधावर वाढणाऱ्या बाळांचं तर आणखी वेगळं. ते दूध पुष्कळदा बाळंतपणाला काही महिने झालेल्या आयांचं असतं, म्हणजे झिंक उतरल्यानंतरचं.)

हे वाचून आपलंच दूध कमी पडतं असा सल मनात धरू नका आणि ते कमी करायचा विचारही आणू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जी आतड्याची भयंकर सूज येते, तिच्यापासून आईच्या दुधाइतकं संरक्षण दुसरं काही देत नाही. झिंकचा खड्डा दिवसाच्या ४ मिलिग्रॅम सिरपी झिंकने भरतो. दुधाचा खड्डा असा बाटलीने भरत नाही.

तुम्ही गोळ्या घेतल्याने मात्र तो भरणार नाही. दुधात किती झिंक उतरायचं हे स्तनातल्या पेशी ठरवतात, आईच्या पोटात किती गेलं त्यावर ते फारसं हलत नाही. क्वचित एखाद्या आईच्या जनुकात असा दोष असतो की तिच्या रक्तात झिंक ठीक असतं पण दुधात ते पोचतच नाही. तिनेही कितीही गोळ्या घेतल्या तरी उपयोग होत नाही, बाळालाच झिंक द्यावं लागतं, आणि दिलं की बाळ काही दिवसांत सुधारतं.

झिंक दिल्याने खरंच फरक पडतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी नव्या शिफारशी दिल्या. त्यांत आईच्या दुधावरच्या ज्या बाळांना दुसरीकडून लोह मिळत नाही, त्यांना ते 'द्यावं' असं ठाम म्हटलं आहे. झिंकबद्दल सूर वेगळा आहे: दुसरीकडून मिळत नसेल तर 'देण्याचा विचार करता येईल'. हा सूर उगाच नाही. २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या पाचच चाचण्या सापडल्या, सगळी बाळं मिळून पाचशेही नाहीत. झिंक मिळालेल्या बाळांचं वजन आणि लांबी थोडी अधिक वाढली, मृत्यू कमी झाले असावेत असंही दिसलं. पण फुप्फुसाचा जुना आजार, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, जंतुसंसर्ग यांत फरक पडल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. वर सांगितलेल्या इटलीतल्या चाचणीत आतड्याची सूज कमी आढळली होती, पण एका चाचणीवर सगळ्यांचा डोस ठरवत नाहीत.

माझं मत विचाराल तर, निव्वळ आईच्या दुधावरच्या दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला मी झिंक देते. पुरावा तोकडा आहे हे मान्य, पण वरचा पाऊण आणि चारचा हिशेब मला दुर्लक्ष करू देत नाही, आणि योग्य डोसमध्ये त्रास फारसा होत नाही. जे बाळ पावडर घातलेलं दूध पुरेसं घेतं आणि ज्याचं वजन-लांबी नीट वाढते, त्याला देत नाही. ज्या बाळांचं आतडं कापावं लागलं आहे, पोटावर शौचाची वाट काढली आहे, लघवी वाढवणारी औषधं चालू आहेत, त्यांचं झिंक जास्त वाया जातं. त्यांचा डोस वेगळा आणि तो वारंवार तपासावा लागतो. तुमच्या मुलीचं तसं काही पत्रात नाही.

नणंदबाईंना मात्र थांबवा. कमी होतं ते भरून काढल्याने वाढ होते, भरल्यावर ओतत राहिल्याने होत नाही. आतड्यात झिंक फार झालं की तिथल्या पेशी एक प्रथिन जास्त बनवतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला घट्ट धरून ठेवतं. ती पेशी झडून शौचावाटे गेली की तांबंही तिच्याबरोबर जातं. असं आठवडे, महिने चाललं तर तांबं कमी पडून रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात. रक्त कमी दिसलं की सगळ्यांचा पहिला संशय लोहावर जातो, लोह वाढवलं जातं आणि खरं कारण बाजूलाच राहतं. गंमत अशी की तांब्याची शिल्लकही बाळाला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतच मिळते, म्हणजे तुमच्या मुलीकडे तीही कमीच आहे. चार दिवसांनी असं काही होत नाही. चार महिन्यांनी होऊ शकतं, म्हणून बाटली वाचण्याचा एवढा आग्रह.

लोह आणि झिंक एकाच वेळी देऊ नका. दोन्ही थेंबांच्या रूपात एकत्र गेले की शोषले जाताना एकमेकांच्या आड येतात. लोह सकाळी, झिंक संध्याकाळी, असं ठरवून टाका. लक्षात ठेवायलाही सोपं. झिंकची चव तुरट, धातूसारखी असते आणि रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून दुधाच्या वेळेला द्या. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवा, थोडं थोडं सोडा, ती गिळेपर्यंत थांबा. सगळ्या दुधात मिसळू नका. तिने अर्धं दूध टाकलं तर डोस किती गेला ते कळणार नाही. दिल्यावर लगेच सगळं उलटलं तर एकदा फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने दुसरा डोस नको.

मिस्टरांची रक्त तपासणीची कल्पना ऐकायला सरळ आहे, पण या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही. शरीरातलं फारच थोडं झिंक रक्तात असतं. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच ते रक्तातून काढून लिव्हरमध्ये ठेवतं, आकडा खाली येतो आणि प्रत्यक्षात कमतरता नसते. उलट टाचेतून दाबून रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांतलं झिंक मिसळून आकडा फुगतो. तिच्या अंगात रक्तच मुळी १७०-१८० मिलीच्या आसपास. त्यातलं उगाच काढायला नको. डॉक्टर दुसऱ्या कारणाने रक्त घेणार असतील तर अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा बघतीलच. हे एन्झाइम झिंकशिवाय काम करत नाही, त्यामुळे ते फार कमी दिसलं तर शंका घ्यायला जागा असते. पण अशा बाळांची हाडं कमजोर असली की तोच आकडा वर जातो, तेव्हा त्यावरून एकट्याने निदान होत नाही. मी स्वतः वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांच्या आलेखावर जास्त विसंबते. दूध पुरेसं जातंय, आजार नाही, तरी वजन आणि विशेषतः लांबीची रेघ आडवी व्हायला लागली, तर मी झिंकचा विचार करते.

राहिली लाली. झिंक खरोखर कमी पडलं की उठणारं पुरळ ओळखण्यासारखं असतं. तोंडाभोवती, कधी नाक-डोळ्यांच्या कडेला, शौचाच्या जागेभोवती आणि हातापायांच्या बोटांवर, असं एकाच वेळी अनेक ठिकाणी. लाल, खपल्यांचं, कडा स्पष्ट दिसणारं. सोबत जुलाब, किरकिर, विरळ होणारे केस, वजन अडणं. लंगोटाच्या मलमांनी किंवा बुरशीच्या मलमाने ते हटत नाही. तुमच्या मुलीला फक्त लंगोटाच्या जागी आहे आणि ती झिंक घेतेच आहे, तेव्हा ही ओलसरपणाची साधी लाली असण्याचीच शक्यता जास्त. जागा कोरडी ठेवा, लंगोट लवकर बदला. दोन-तीन दिवसांत उतरली नाही, घड्यांमध्ये शिरली, भोवती बारीक ठिपके दिसले किंवा तोंडाभोवतीही उठली, तर दाखवा. लालीच्या मलमातही झिंक असतं, झिंक ऑक्साइड. ते त्वचेवर पांघरूण घालतं. पोटातल्या डोसच्या हिशेबात ते धरायचं नाही आणि ते लावलं म्हणून सिरप थांबवायचंही नाही.

किती दिवस द्यायचं, हे कागदावर लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी वरचं अन्न सुरू होऊन रुळेपर्यंत, म्हणजे दुरुस्त वयाच्या सहा महिन्यांच्या आसपास, देतात. दुरुस्त वय म्हणजे तिची ठरलेली प्रसूतीची तारीख धरून मोजलेलं, जन्मतारखेवरून नव्हे. मधे वजन वाढेल तसा डोस वाढवायचा की तेवढाच ठेवायचा हे दर भेटीला ठरतं. मधेच डब्याचं दूध सुरू झालं, पावडर पुन्हा लागली, तर त्या दिवशी झिंकचं काय करायचं तेही विचारा. आणि भेटीला जाताना फक्त कागद नको, चालू असलेली प्रत्येक बाटली पिशवीत घालून न्या.